मॅट उलटी करून विका



घरगुती वस्तूंच्या दुकानात बाथरूमची मॅट कशी विकली जाते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. गठ्ठा दाराशी मांडायचा, वर "कोणतीही घ्या ९९" अशी पाटी. गिऱ्हाईक येतं, रंग बघतं, वरून हात फिरवतं, "मऊ आहे हो" म्हणतं आणि पिशवीत घालून जातं. दोन मिनिटांत सौदा संपला. वस्तू छोटी, नफा छोटा, त्यात डोकं कशाला घालायचं, असं बहुतेकांना वाटतं.

मला हे पटत नाही. माझ्या मते मॅट ही दुकानातली सगळ्यात जबाबदारीने विकायची वस्तू आहे. डबा खराब निघाला तर डाळ सांडेल, बादली चिरली तर पाणी वाया जाईल. मॅट सरकली तर माणूस पडतं. त्यातही घरातलं वयस्कर माणूस पहाटे अर्धवट झोपेत बाथरूमला जाताना पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं, तर त्या घराचे पुढचे कितीतरी महिने त्यातच जातात. म्हणून आज माझं एकच सांगणं आहे: मॅट वरून बघून घेऊ नका आणि वरून दाखवून विकूही नका. उलटी करा, पाठ बघा.

स्वस्त म्हणजे परवडणारी असं नाही

आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण हिशेब मांडा. समजा १०० रुपयांची मॅट चार महिन्यांत खालून फाटली, तर ती महिन्याला २५ रुपयांना पडली. ३०० रुपयांची मॅट दीड वर्ष टिकली, तर महिन्याला १७ रुपयांच्याही आतच. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या मालाचे तुम्ही घाला. मी वर्गात सगळ्यांना हाच भागाकार करायला लावते: किंमत भागिले टिकणारे महिने. गिऱ्हाइकासमोर कागदावर हा एक भागाकार केला तरी बोलणं "कमी करा"वरून "टिकेल ना?"वर येतं. आणि "टिकेल ना?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला तुम्हाला मालाची माहिती लागते. ती कुठून येणार, ते आता बघू.

आधी विचारा: मॅट कुठे टाकणार?

पॅकेटवरचं चित्र बघा. पांढरंशुभ्र बाथरूम, कोरडी फरशी, टबाशेजारी जाडजूड मॅट. आपल्याकडे असं कुठे असतं? बादली, तांब्या, कपड्यांचा पिळा, सगळी फरशी ओली. तिथे कापडी मॅट आत टाकली तर ती दिवसभर पाण्यात बसते आणि दोन दिवसांत वास मारते.

म्हणून आपल्या घरात दोन वेगळी कामं आहेत. एक, दाराबाहेर पाय पुसायचं. तिथे कापडी मॅट हवी. दोन, आत आंघोळ करताना पाय घसरू नये. तिथे पाणी वाहून जाईल अशी भोकांची रबरी किंवा पीव्हीसी मॅट हवी. काथ्याचं पायपुसणं या दोन्ही कामांचं नाही. ते मुख्य दाराशी, चपलांची माती झाडायला. "बाथरूमसाठी द्या" म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारा: "आत टाकणार की बाहेर?" एवढ्या एका प्रश्नावर चुकीची मॅट जाणं बरंचसं थांबतं.

काही जण म्हणतात, आमच्या आजीने गोणपाटाच्या तुकड्यावर पाय पुसले, तिला काही झालं नाही. बरोबर आहे. पण आजीच्या मोरीबाहेर शहाबादी फरशी होती. ती खडबडीत, गोणपाट तिच्यावर धरून राहायचा. आता खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल आहे. तोच गोणपाट किंवा जुना टॉवेल तिच्यावर टाकला, वर साबणाचं पाणी पडलं, की ती घसरगुंडीच होते. फरशी बदलली, तेव्हा मॅटसुद्धा बदलायला हवी.

पाठ कशी वाचायची?

कापडी मॅटची पाठ साधारण तीन प्रकारची मिळते. पहिली, नुसतं कापड. ही टाइलवर सरकतेच. ती बेडशेजारी ठेवायला ठीक, बाथरूमच्या दारात नको. दुसरी, ठिपक्यांची. कापडावर रबरासारखे बारीक ठिपके छापलेले असतात. नखाने एक ठिपका खरवडून बघा. लगेच सुटला तर चार धुण्यांत बाकीचेही सुटतील. तिसरी, पूर्ण रबरी किंवा लेटेक्सचा थर असलेली. पकड हिची चांगली. पण मॅट दुमडून बघा. दुमडीवर बारीक तडे दिसले किंवा हाताला भुकटी लागली, तर माल जुना झालेला आहे किंवा थर हलका आहे.

ही पाठ उष्णतेने खराब होते. गरम पाण्यात भिजवली, कडक उन्हात उलटी वाळत टाकली, की थर कडक होऊन तडकतो. म्हणून विकतानाच सांगा: साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याने धाग्यावर थर बसतो आणि मॅट पाणी कमी शोषते. ही दोन वाक्यं फुकट आहेत, पण मॅटचं आयुष्य वाढवतात. परत येणाऱ्या तक्रारीही कमी होतात.

आतल्या मॅटची पाठ म्हणजे सक्शनचे वाटीसारखे कप. हे कप फक्त गुळगुळीत, सपाट जागीच धरतात. खडबडीत अँटी-स्किड टाइल, शहाबादी, सिमेंटची मोरी, लहान टाइलच्या मधल्या भेगा, यांवर कपाखाली हवा शिरते आणि पकड सुटते. म्हणजे गिऱ्हाईक "आमच्याकडे अँटी-स्किड टाइल आहे" म्हणालं, तर कपवाली मॅट त्याला विकूच नका. त्याची फरशी साफ, साबणमुक्त राहिली तर तीच पुरेशी पकड देते, असं सरळ सांगा. एक विक्री जाईल, पण ते गिऱ्हाईक पुढच्या खरेदीला तुमच्याकडेच येईल. आणि ज्यांना कपवाली द्याल त्यांना सांगा, रोज आंघोळीनंतर मॅट उचलून उभी टांगा. तशीच पडून राहिली तर खाली बुळबुळीत थर साचतो आणि घसरू नये म्हणून आणलेली मॅटच घसरायला लागते.

वजनाचा काटा सोबत न्या

पाठ बघून झाली की मग वरची बाजू. सुती मॅट पाणी चांगलं शोषते, मशीनमध्ये धुता येते, पण वाळायला वेळ घेते. मायक्रोफायबर आणि शेवयांसारखे गोंडे असलेली शेनिल पाणी पटकन घेतात आणि सुतीपेक्षा लवकर वाळतात. मेमरी फोमची मॅट हाताला सगळ्यात मऊ लागते, म्हणून दुकानात पटकन विकली जाते. पण आतला फोम स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ती वाळणं कठीणच. जाडी म्हणजे शोषण नव्हे, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगा.

दर्जा मोजायचा साधा मार्ग म्हणजे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममध्ये वजन. बाजारात ४० बाय ६० सेंटिमीटर, म्हणजे साधारण १६ बाय २४ इंच, हा नेहमीचा साइज. त्याचं क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर. आता होलसेलर म्हणाला "ताई, १५०० जीएसएम आहे", तर ती मॅट ३६० ग्रॅम भरायला हवी. काट्यावर २४० ग्रॅम भरली तर ती १००० जीएसएमची आहे. सांगितलेल्या आकड्यात पाठीचा थर धरलाय का, हेही विचारा, कारण जड रबर लावून वजन वाढवता येतं. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पिशवीत ठेवा. पानिपतचा माल असो, सोलापूरचा असो की आणखी कुठला, काट्यासमोर सगळे सारखे.

सोबत पांढरा ओला रुमाल ठेवा. मॅटवर जोरात घासा. रंग उतरला तर तो पुढे गिऱ्हाइकाच्या टाइलवर उतरणार. कडेची शिलाई ओढून बघा, कारण मॅट बहुतेक वेळा कडेपासून उसवायला लागते. पीव्हीसीची मॅट असेल तर नाकाशी धरा. डोकं चढेल इतका उग्र वास असेल तर तो माल घेऊ नका, बंद बाथरूममध्ये तो वास घरच्यांनी का सहन करायचा?

आणि दाराची फट विसरू नका. दार मॅटच्या बाजूला उघडत असेल आणि मॅट जाड असेल, तर दार रोज तिला ढकलत नेणार. गिऱ्हाइकाला विचारा, दाराखाली बोटभर तरी जागा आहे का? नसेल तर पातळ मॅट द्या, भलेही ती स्वस्त असो.

"पण गिऱ्हाईक ९९चीच मागतं"

हे मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येतं. मागतं, खरं आहे. कारण आपण त्याला दोन मॅटमधला फरक म्हणून फक्त किंमतच दाखवतो. दुसरं काही दिसलंच नाही तर तो किंमतच बघणार ना?

एक टाइल आणा. टाइलच्या दुकानात सँपलची किंवा कोपरा तुटलेली टाइल सहज मिळते. गुळगुळीत बघून घ्या. काउंटरवर ठेवा, त्यावर थोडं साबणाचं पाणी शिंपडा. ९९ची मॅट ठेवून गिऱ्हाइकाला म्हणा, "जरा हाताने ढकला." मग २९९ची ठेवून तेच करायला सांगा. तुम्ही काही बोलू नका. त्याचा हातच त्याला सांगेल. मात्र ही परीक्षा प्रामाणिक हवी. महाग मॅटही सरकली तर ती शेल्फवरून काढा आणि होलसेलरला परत करा.

धंद्याच्या बाजूनेही बघा. ६० ला घेऊन ९९ ला विकली तर हातात ३९ राहतात. १८० ला घेऊन २९९ ला विकली तर ११९. तीन स्वस्त मॅट विकून जे मिळतं, ते एका चांगल्या मॅटमध्ये मिळतं आणि तक्रार ऐकायला तीन माणसं परत येत नाहीत. ज्याचं बजेट खरंच शंभरचं आहे त्याच्यासाठी ठिपक्यांची पातळ सुती मॅट ठेवा. तीही टाइलवर तपासलेलीच. कमी पैसे असलेल्या माणसाने घसरून पडावं, असं तर नाही ना?

शब्द जपून वापरा

विकण्याच्या भरात "अजिबात घसरणार नाही, माझी गॅरंटी" असं बोलू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनाच्या दोषाची जबाबदारी विक्रेत्यावरही येऊ शकते. कंपनीने न दिलेली हमी तुम्ही स्वतःहून दिली असेल आणि माल तिच्यात बसला नाही, तर तुम्ही अडकता. "ओल्या टाइलवर पकड चांगली आहे, तुम्हीच बघा" एवढं म्हणा. पॅकबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, साइज, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवा, हे २०११च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत आहे. हे नसलेला गठ्ठा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. उद्या तक्रार आली तर तुम्ही कुणाकडे बोट दाखवणार?

आणि घरात वयस्कर माणसं आहेत असं कळलं, तर नुसत्या मॅटवर थांबू नका. भिंतीला आधाराचा दांडा बसवायला सुचवा, रात्री बारीक दिवा चालू ठेवायला सांगा. दांडा तुमच्याकडे मिळत नसेल तर शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडे पाठवा. भीती घालून विकू नका, माहिती देऊन विका.

या आठवड्याचा गृहपाठ

दुकानातली प्रत्येक मॅट उलटी करा. नुसत्या कापडाच्या पाठीच्या मॅट बाथरूमच्या शेल्फवरून काढून बेडरूमच्या वस्तूंत ठेवा. एक टाइल, एक काटा, एक पांढरा रुमाल काउंटरवर आणा. प्रत्येक प्रकारची एक-एक मॅट साबणाच्या पाण्यावर ढकलून बघा आणि जी सरकली तिची पुढची ऑर्डर थांबवा. मग एक मॅट स्वतःच्या घरी न्या आणि आईला किंवा सासूबाईंना रोज वापरायला द्या. महिन्याभराने त्यांनी ती उचलून बाजूला ठेवलेली दिसली, तर का ते विचारा. पुढची ऑर्डर देताना ते उत्तर उपयोगी पडेल.