सुट्टी कुणाची, ड्यूटी कुणाची?

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की माझ्या फोनवर दरवर्षी दोन प्रकारचे मेसेज येतात. एक ग्रुपवरचा फॉरवर्ड: 'थँक्सगिव्हिंग हा आपला सण नाही, त्याच्या शुभेच्छा देणंही नाजायज आहे, इतरांनाही सावध करा.' दुसरा शॉपिंग अ‍ॅपचा: 'ब्लॅक फ्रायडे सेल सुरू!' पहिला मेसेज आवर्जून पाठवणारे माझे एक दोस्त गेल्या वर्षी दुसऱ्या मेसेजवरून हेडफोन मागवून मोकळे झाले. असो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बारा वर्षं अमेरिकन क्लायंटची कामं करतोय. माझ्या लेखी थँक्सगिव्हिंग म्हणजे ना हराम-हलालचा प्रश्न, ना सेल. तो ऑन-कॉलचा तक्ता आहे. तिकडचा मॅनेजर बुधवारी दुपारी 'हॅपी थँक्सगिव्हिंग' लिहून लॅपटॉप बंद करतो आणि आईच्या घरी जातो. त्याची वेबसाइट मात्र वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीला तोंड देत असते. ती कोसळू नये म्हणून इकडे आम्ही चार जण रात्रभर स्क्रीनकडे बघत बसतो. तो माणूस चांगला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आपल्या लोकांच्या प्रश्नाशी. 'हा सण कुणाचा?' असं विचारण्यात आपण वर्षं घालवली. त्या दिवशी जेवायला कोण बसतं आणि वाढायला कोण उभं राहतं, हे मात्र विचारत नाही.

थँक्सगिव्हिंगचाच इतिहास बघा. सारा जोसेफा हेल या संपादक बाईंनी कित्येक वर्षं पत्रं लिहून राष्ट्रीय कृतज्ञता-दिनाचा पिच्छा पुरवला. १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. १९३९ साली त्या महिन्यात पाच गुरुवार आले आणि शेवटचा होता ३० तारखेला. व्यापाऱ्यांना धास्ती पडली, नाताळच्या खरेदीला दिवसच उरत नाहीत! अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे ओढला. झालं, देशात दोन थँक्सगिव्हिंग. काही राज्यांत या गुरुवारी, काही राज्यांत पुढच्या. काँग्रेसने १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार कायम केला तेव्हा तो घोळ मिटला. एका गावात दोन ईदा बघितलेल्या आपल्या वाचकांना हे वाचून बरं वाटेल. फरक इतकाच, की आपल्याकडे भांडण चंद्रावरून होतं, त्यांच्याकडे गल्ल्यावरून झालं.

गल्ला तिथून हललेला नाही. अमेरिकेत खासगी मालकाने सणाची सुट्टी दिलीच पाहिजे, पगारी नाही तर निदान बिनपगारी तरी, असा केंद्रीय कायदा आजही नाही. थँक्सगिव्हिंगला कार्यालयं बंद असतात ती बहुतेक रूढीने आणि मालकाच्या मर्जीने. त्या मर्जीची कसोटी गेल्या दशकात लागली. मोठमोठ्या दुकानांच्या साखळ्यांनी शुक्रवारचा सेल गुरुवारी संध्याकाळीच उघडायला सुरुवात केली. घरात टर्की ओव्हनमधून बाहेर निघत असताना काउंटरवरची मुलगी शिफ्टला निघालेली. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या तीन राज्यांत मात्र मोठ्या दुकानांना त्या दिवशी उघडायला कायद्यानेच बंदी आहे. तिथे त्या मुलीला कुणाच्या मनाच्या मोठेपणाची वाट बघावी लागली नाही. पुढे करोनाच्या वर्षी बहुतेक साखळ्यांनी गुरुवार पुन्हा बंद ठेवला. मर्जीने उघडलं, मर्जीने मिटलं.

आणि याच मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावात दरवर्षी त्या दिवशी काही लोक जेवायला नाही, शोक करायला जमतात. १९७० मध्ये यात्रेकरूंच्या आगमनाला ३५० वर्षं झाली म्हणून मेजवानी ठेवली होती. वाम्पानोआग जमातीच्या वामसुत्ता फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं होतं. आयोजकांनी भाषण आधी मागून वाचलं. त्यात जमीन कशी गेली, माणसं कशी मेली, हे लिहिलेलं. ते भाषण करू दिलं नाही. मग त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी, मेजवानीच्या गावातच, 'राष्ट्रीय शोकदिन' पाळला. तो आजही पाळला जातो. 'हा आपला सण नाही' असं म्हणण्याचा खरा हक्क कुणाला असेल तर त्यांना. त्यांनी तो फॉरवर्ड करून नाही, चौकात उभं राहून बजावला.

आता आपल्या घरात येतो.

यंदा ईद-उल-फित्र ३१ मार्चला, सोमवारी आली. ३१ मार्च म्हणजे काय, हे नोकरी करणाऱ्याला सांगायला नको. सरकारी जमा-खर्चासाठी रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी बँकाही सुरू ठेवायला सांगितल्या होत्या. आमच्याकडे क्लायंटची तिमाही संपत होती. मी दोन आठवडे आधी रजा टाकली. उत्तर आलं, 'नक्की तारीख सांगा.' तारीख चंद्र सांगणार होता. ३० तारखेच्या संध्याकाळी चाँद दिसला तेव्हा तक्ता कधीच ठरून गेला होता. नमाज पढून आलो आणि लॅपटॉप उघडला. अम्मी तीनदा दाराशी येऊन गेली, काही बोलली नाही. शीरखुर्म्याची वाटी टेबलावर ठेवून गेली, तिच्यावर साय धरली. घरी आलेल्या मामूंना मी दोन मिनिटं भेटलो, तेही कानात हेडफोन घालून.

तुमच्यापैकी अनेकांनी असे दिवस काढलेत, आणि आपलं ठरलेलं उत्तरही मला माहीत आहे: अदलाबदल. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. दिवाळीला माझी ड्यूटी, ईदला माझ्या हिंदू सहकाऱ्याची. आम्ही याचे फोटो टाकतो, लोक 'हाच खरा भारत' लिहितात. ती दोस्ती खरी आहे, तिला नावं ठेवत नाही. पण यंदा तो सहकारी दुसऱ्या टीममध्ये गेला आणि माझी ईदही त्याच्याबरोबर गेली. दोस्तीवर उभी असलेली सुट्टी बदलीच्या एका ईमेलने संपते. हक्क असा संपत नाही.

हक्क आहे का? आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. 'आपसात' हा शब्द दोनदा वाचा. आमच्या कंपनीत ही यादी डिसेंबरमध्ये ईमेलने येते. तिच्यावर आमच्यापैकी कुणी कधी चर्चा केल्याचं मला आठवत नाही. मी स्वतः ती यादी उघडून फक्त लाँग वीकेंड मोजलेत.

आपली सवय अशी, की सुट्टी वरून मिळते. पण आपली रविवारची सुट्टीसुद्धा तशी मिळालेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, सह्यांची निवेदनं दिली, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये आठवड्याची सुट्टी पदरात पडली. न्यूयॉर्कमध्ये २००६ साली बकरी ईदच्याच दिवशी शाळांची राज्य परीक्षा ठेवली गेली. तिथल्या मुस्लिम पालकांनी इतर धर्मांच्या लोकांना आणि संघटनांना सोबत घेऊन पाठपुरावा केला. २००९ मध्ये नगर परिषदेने ठराव केला, महापौर ब्लूमबर्ग यांनी मानला नाही. ते पुन्हा लागले. २०१५ मध्ये पुढच्या महापौरांनी दोन्ही ईदच्या सुट्ट्या शाळांच्या कॅलेंडरवर आणल्या. नऊ वर्षं! आपण नऊ दिवस एखादा अर्ज लावून धरतो का?

आणि चंद्राचंही बोलून टाकतो, कुणाला राग आला तरी. तुर्कस्तानात दियानेत ही सरकारी धर्मसंस्था गणिताने ईदची तारीख काढते, ती कॅलेंडरवर आधीच छापलेली असते. तिथला कामगार तारीख बघून गावचं तिकीट काढतो. आपण मोबाइलवर नमाजच्या वेळा मिनिटाच्या हिशेबाने बघतो, त्या कुणी सूर्याकडे बघून काढलेल्या नसतात, आणि ईदचा मुद्दा निघाला की एकदम डोळ्यांनी चंद्र बघण्यावर अडून बसतो. उलेमांनी यावर जरूर चर्चा करावी. पण त्या चर्चेत हातावर पोट असलेल्या माणसाची रजाही एक मुद्दा म्हणून मांडली जावी, एवढं तरी मागायला हवं. तोवर दोन तारखा लिहून द्यायच्या, त्यांतली एक पक्की होईल असं नमूद करून. कुठलाही शहाणा मॅनेजर एवढं समजू शकतो.

अजून एक, जरा बोचणारं. ईदच्या रात्री आपण कुटुंब घेऊन बिर्याणी खायला जातो. मालक आपलाच, टेबल पुसणारा पोरगाही आपलाच, बहुतेक बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेला. त्याची ईद कधी असते? माझ्या ओळखीच्या एका हॉटेलमालकांना हे विचारलं, तर म्हणाले, 'भाई, उस दिन तो धंदा होता है.' रूझवेल्टना व्यापाऱ्यांनी सांगितलं होतं तेच. मालकाने कलमा पढला म्हणून कामगाराला सुट्टी मिळत नाही.

येत्या २७ तारखेला थँक्सगिव्हिंग आहे आणि माझी रात्रपाळी आहे. क्लायंटला मी मनापासून शुभेच्छा देणार आहे, ज्यांना फतवा काढायचा त्यांनी काढावा. त्या रात्री स्क्रीन शांत राहिली तर एक पत्र पुरं करायचं आहे: पुढच्या वर्षीच्या चार सुट्ट्या कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवाव्यात, ईदसाठी दोन पर्यायी तारखा धराव्यात, आणि सणाच्या दिवशी ड्यूटी लागली तर तिच्या बदल्यात काय मिळणार हे लेखी द्यावं. दिवाळीला रडत ड्यूटी केलेल्या दोघांनी आणि नाताळला रजा नाकारलेल्या वसईच्या एका मुलीने सही करायचं कबूल केलंय. आमच्या मजल्यावर मुस्लिम सात जण आहोत. त्यांतल्या पाच जणांनी 'बघू' म्हटलंय.