मैदान मुलांचे, प्रेक्षागार कोणाचे?

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. बावीस वर्षांच्या संस्थात्मक साधनेनंतर ते जगापुढे उभे राहिले. आज त्याच अमरावतीलगतच्या बडनेऱ्यात शाळकरी मुलीची लांब उडी, वाळूतील ठसा पुसला जाण्यापूर्वीच, इन्स्टाग्रामवर जगापुढे जाऊ शकते.

यात सारेच वाईट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शाळेत क्रीडाशिक्षक बहुधा एकच. धावणे, भालाफेक, अडथळ्यांची शर्यत यांचे तंत्र मात्र निरनिराळे. केनियाचा ज्युलियस येगो यूट्यूबवरील चित्रफिती पाहून भालाफेक शिकला आणि २०१५ साली बीजिंगमध्ये ९२.७२ मीटर भाला फेकून विश्वविजेता झाला. (अर्थात दरम्यान त्याने फिनलंडला जाऊन रीतसर प्रशिक्षणही घेतले, हे मुलांना सांगायचे सहसा राहून जाते.) उडीच्या फळीवर पाऊल नेमके कोठे पडते, हे संथ गतीच्या चित्रणात जितके दिसते तितके उघड्या डोळ्यांना दिसत नाही. ते चित्रण व्हॉट्सअॅपवरून दूरच्या जाणकार प्रशिक्षकास दाखविता येते. साधनहीन शाळेला हे वरदानच आहे.

प्रश्न निर्माण होतो तो तीच चित्रफीत गुरूऐवजी बाजाराला दाखविली जाते तेव्हा. टोकियो ऑलिंपिकच्या काळात जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने केलेल्या पाहणीत ट्विटरवरील अपमानास्पद मजकुरापैकी ८७ टक्के मजकूर महिला खेळाडूंना उद्देशून होता. नामवंत, प्रौढ खेळाडूंची ही गत; मग चौदा वर्षांच्या मुलीच्या गणवेशावर, शरीरावर अनोळखी माणसांनी लिहिलेले कोणी निस्तरायचे? शिवाय शंभर मीटरची धाव दहा-पंधरा सेकंदांत पाहून होते, तिला पसंतीचे अंगठे मिळतात. तीन हजार मीटरसाठी हिवाळ्यातील पहाटे झिजविणाऱ्या मुलाचे चित्रण कोण पाहणार? त्याने दिखाऊ व्यायाम आणि पेलवणार नाहीत अशी वजने यांकडे वळावे, यात नवल नाही.

सर्वाधिक खटकते ते शाळांचे वागणे. मुलांना मोबाईलबंदी, आणि प्रवेशाच्या हंगामात त्याच मुलांच्या धावण्याची जाहिरात! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद केली आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या खात्यांनाच मनाई केली.

आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेने निकाल अवश्य प्रसिद्ध करावा. चित्रण मात्र शिक्षक, प्रशिक्षक आणि पालक यांच्यापुरते ठेवावे. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्याच बैठकीत हा ठराव होऊ शकतो. आणि जिल्हा स्पर्धेच्या दिवशी शेवटची फेरी संपेपर्यंत मुलांचे मोबाईल शिक्षकांच्या पिशवीत असावेत.