रंगाची धूळ

विमानतळाकडे जाणाऱ्या गोकुळ रोडवरील आमच्या जुन्या घराची डागडुजी काढली आणि नेमक्या त्याच आठवड्यात थोरल्याला कांजिण्या आल्या. फोडांवर खपल्या धरेपर्यंत रांगत्या धाकटीला दूर ठेवणे भाग होते, म्हणून तिला पुढच्या खोलीत हलविले. तेथे कारागीर दारांचा जुना ऑइलपेंट कोरडाच घासत होता! घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आमची दारे त्याच्या कितीतरी आधीची. धुळीचे हात तोंडात जातात, आणि शिसे लहानग्यांच्या मेंदूस बाधते. मी काम थांबविले. “सणाला दारे अशीच?” सासूबाई रागावल्या. अशीच. रोज ओल्या फडक्याने पुसते आहे.