ट्रायल रूममधली दहा वर्षं

'ट्रायल' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? मॉलमधली ती चिंचोळी खोली, दारावर लटकलेल्या तीन जीन्स आणि बाहेर कंटाळून उभा असलेला मित्र! किंवा मग ३० दिवसांची फ्री ट्रायल. एकोणतिसाव्या दिवशी आठवणीने कॅन्सल करायची, विषय संपला. आवडलं तर ठेवा, नाही तर परत द्या. आपल्या पिढीला हा शब्द भेटला तो असा, एकदम बिनधास्त.

आज ज्या ट्रायलबद्दल बोलायचंय, तिच्यातूनही मधेच बाहेर पडता येतं. फक्त गेलेले महिने परत मिळत नाहीत.

विषय आहे मेलानोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींमधून उगवणारा कॅन्सर. वेळेत सापडला तर बहुतेकदा छोटंसं ऑपरेशन, बस्स. पण एकदा का तो फुप्फुस, यकृत, मेंदू असा फिरायला लागला की डॉक्टरांच्या हाती फारसं काही नसायचं. अमेरिकेत १९७५ साली मंजूर झालेलं डकार्बाझिन हे केमोथेरपीचं औषध २०१० सालीही सर्रास दिलं जात होतं. त्याने पेशंट जास्त दिवस जगतो, असं एकाही ट्रायलने दाखवलेलं नसताना! तेवढ्या काळात आपण टेपरेकॉर्डरवरून वॉकमनवर आणि तिथून आयपॉडवर येऊन पोचलो होतो.

मग इम्युनोथेरपी आली. कल्पना मोठी भन्नाट आहे. आपल्या शरीरात टी-पेशी नावाचे पहारेकरी असतात. त्यांनी भलत्यालाच झोडपू नये म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेक बसवलेत. या ब्रेकचा फायदा कॅन्सर उठवतो. मग कॅन्सरवर हल्ला करण्याऐवजी ब्रेकवरचा पायच काढला तर? सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे त्यातले दोन ब्रेक. त्यांच्यावरच्या कामासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण मला नोबेलपेक्षा जास्त कुतूहल आहे ते ज्यांच्यावर हे तपासलं गेलं त्या माणसांचं.

त्यातली पहिली गाजलेली ट्रायल इपिलिमुमॅब या औषधाची. ६७६ पेशंट. सगळ्यांचा आजार पसरलेला, आधीचे उपचार करून झालेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे कॉम्प्युटरने त्यांचे गट पाडले. काहींना नवं औषध, काहींना औषधासोबत एक लस, काहींना नुसती लस. २०१० मध्ये निकाल आला. नुसती लस मिळालेल्यांपैकी निम्मे पेशंट ६.४ महिन्यांच्या आत गेले. नवं औषध मिळालेल्यांमध्ये हाच टप्पा १० महिन्यांवर होता.

साडेतीन महिने फक्त? तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण गंमत 'निम्मे' या शब्दात आहे. तो मधल्या माणसाबद्दल सांगतो, शेवटच्या बाकावरच्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. पुढे वेगवेगळ्या अभ्यासांतल्या १,८६१ पेशंटची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा दिसलं की साधारण पाचातला एक जण तीन वर्षांनंतरही जिवंत होता. आणि तिथून पुढे आलेखाची रेघ जवळजवळ आडवी झाली होती. तीन वर्षं काढलेल्यांपैकी बरेच जण दहाव्या वर्षीही होते. हे साडेतीन महिन्यांच्या हिशेबात कुठे बसतं, सांगा!

याच्या उलटंही घडलंय. ट्रेमेलिमुमॅब हे त्याच ब्रेकवर चालणारं दुसरं औषध. ६५५ पेशंटची ट्रायल. २००८ मध्ये अधल्यामधल्या तपासणीत केमोपेक्षा फायदा दिसेना, म्हणून ते मेलानोमाच्या शर्यतीतून बाद झालं. नंतर नीट पाहिलं तर सरासरी फरक खरोखरच लहान होता. पण ज्यांची गाठ आकसली, त्यांच्यात तो परिणाम सुमारे ३६ महिने टिकला होता. केमोवाल्यांमध्ये सुमारे १४. पुढे २०२२ मध्ये हेच औषध अमेरिकेत दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने यकृताच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. घाईने दिलेल्या निकालाचं काय होतं, त्याचा हा नमुना.

माझी एक मैत्रीण पुण्यात खराडीच्या एका ऑफिसात क्लिनिकल डेटा सांभाळते. कुठल्या औषधाचा, ते सांगत नाही, सांगायचं नसतं. तिला एकदा विचारलं, तुझं काम नेमकं काय गं? म्हणाली, "नाव नसतं, नंबर असतो. व्हिजिटचा रकाना रिकामा दिसला की मी क्वेरी टाकते. कधी उत्तर येतं, पेशंट पुढच्या आठवड्यात येणार. कधी नुसती एक तारीख येते. ती नोंदवायची, क्वेरी बंद करायची, पुढची ओळ उघडायची." तो पेशंट कुठल्या गटात होता, हे तिलाही कळत नाही. आणि मग ती कॅन्टीनला जाऊन चहा पिते. दुसरं काय करणार?

तेव्हापासून टक्केवारी वाचली की मला त्या ओळी दिसतात. आणि एक प्रश्न छळतो. माणूस मरणाच्या दारात उभा असताना चिठ्ठी टाकायची म्हणजे अन्यायच ना?

२०१८ ची गोष्ट ऐका. एपाकॅडोस्टॅट नावाच्या गोळीचा भयंकर बोलबाला होता. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांचे निकाल पाहून कंपन्यांनी मोठे बेत आखले होते. मग ७०६ पेशंटची मोठी ट्रायल झाली. निम्म्यांना पेम्ब्रोलिझुमॅबसोबत ही गोळी, निम्म्यांना पेम्ब्रोलिझुमॅबसोबत बिनऔषधाची गोळी. निकाल? फरक शून्य. 'जुन्या' गटाची चिठ्ठी निघाली म्हणून कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. म्हणजे कुठली चिठ्ठी जिंकणारी, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर चिठ्ठी टाकायचा हक्कच उरला नसता.

म्हणूनच माझ्या मते खरी कसोटी पुढची आहे: उत्तर कळल्यावर तुम्ही काय करता? निवोलुमॅबची तुलना डकार्बाझिनशी करणारी ४१८ पेशंटची ट्रायल चालू होती. २०१४ मध्ये तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीला फरक दिसला. एक वर्षानंतर निवोलुमॅबवाल्यांपैकी ७३ टक्के हयात, डकार्बाझिनवाल्यांपैकी ४२. मग गुपित उघडं केलं गेलं आणि केमोच्या गटालाही निवोलुमॅबचा दरवाजा खुला झाला. काहींना तो वेळेवर उघडला. काहींच्या ओळीत तोवर तारीख भरून झाली होती. जुनं १९७५ चं औषध निवृत्त झालं ते या लोकांच्या जिवावर.

जिमी कार्टर आठवतात? अमेरिकेचे माजी अध्यक्ष. ऑगस्ट २०१५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांनी जाहीर केलं की मेलानोमा मेंदूपर्यंत पोचलाय. ऑपरेशन आणि रेडिएशनच्या जोडीला त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब मिळालं आणि त्याच डिसेंबरात स्कॅन स्वच्छ आला. ते गेले डिसेंबर २०२४ मध्ये, वयाची शंभरी पार करून. हे औषध मंजूर झालं होतं सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे त्यांच्या घोषणेच्या जेमतेम ११ महिने आधी! कार्टर कुठल्या ट्रायलमध्ये नव्हते. त्यांच्या आधी रांगेत उभे राहिलेले होते.

सगळ्यात लांबचा हिशेब 'चेकमेट ०६७' या ट्रायलचा. ९४५ पेशंट, २०१३-१४ मध्ये दाखल झालेले. तीन गट: दोन्ही ब्रेक काढणारी जोडी, एकटं निवोलुमॅब, एकटं इपिलिमुमॅब. दहा वर्षांचा निकाल छापून आला २०२४ मध्ये. हयात असलेले अनुक्रमे ४३, ३७ आणि १९ टक्के. बघा ना, २०१० चा हिरो इथे तिसऱ्या नंबरवर गेला. आणि ज्यांच्या वाट्याला तो आला, त्यांनीच हा आकडा आपल्याला दिला.

फुकट मात्र काही नाही. जोडी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना गंभीर दुष्परिणाम झाले. ब्रेक काढला की गाडी कुठेही धडकते: आतड्याला सूज, यकृताला सूज, थायरॉइड बंद. काहींना हार्मोनच्या गोळ्या जन्माच्या चिकटतात.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? मेलानोमा प्रामुख्याने गोऱ्या कातडीचा आजार, ऑस्ट्रेलियात त्याचा कहर. बरोबर. या ट्रायलमध्येही बहुतांश गोरेच होते. पण म्हणूनच तर विचारायचं. सावळ्या-काळ्या लोकांत तो होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो. बॉब मार्लीला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सापडला; १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. या प्रकारावर ही औषधं तुलनेने कमी चालतात. दुसऱ्याच्या ट्रायलचा निकाल जसाच्या तसा आपल्या अंगाला बसत नाही, मापाचं पुन्हा पाहावं लागतं.

तसं मापाचं पाहणं आपल्या मुंबईत झालंय. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरवर निवोलुमॅब नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. १५१ पेशंट. स्वस्त गोळ्यांच्या जोडीला हा छोटा डोस दिल्यावर वर्षभरानंतर हयात असलेले ४३ टक्के, नुसत्या गोळ्यांवर १६. कॅन्सर वेगळा, हे विसरू नका. पण ज्या देशात पूर्ण डोस मूठभरांनाच परवडतो, तिथे हा प्रश्न आपणच विचारायला हवा होता, आणि विचारला.

तेव्हा पुढच्या वेळी 'कॅन्सरवर रामबाण' असला फॉरवर्ड आला की तीन गोष्टी विचारा. तुलना कशाशी केली? किती वर्षं पाहिलं? आणि ट्रायलमधली माणसं कोण होती? घरातल्या कुणापुढे ट्रायलचा संमतीचा कागद आला, तर हेच डॉक्टरांना विचारा. सही घाईत करू नका. नाही म्हणायचा आणि मधेच बाहेर पडायचा हक्क पेशंटचा असतो, हेही लक्षात असू द्या.

आणि हो, या वीकेण्डला आंघोळीनंतर तळपाय जरा उलटा करून बघा. नवा डाग, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, नखाखाली रुंद होत जाणारी काळी रेघ दिसली तर गूगल नका करत बसू. सोमवारी अर्धी सुटी टाका आणि सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.