फिल्टर बदला, पण घाई नको



चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही हल्ली मुलांच्या हट्टापायी माशांची काचेची पेटी येते. मुक्या जिवाला जपण्याची सवय लागते, हे चांगलेच. पण पुष्कळ घरी असे घडते, की फिल्टर जुना झाला म्हणून नवा आणला जातो, त्याच दिवशी पेटी घासून लख्ख केली जाते, नळाचे पाणी भरले जाते, आणि चार-आठ दिवसांत मासे एकेक करून मरतात. मोठी माणसे म्हणतात, नजर लागली. मूल रडत बसते. नजर-बिजर काही नसते. कारण पाण्यातच असते.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते माशांना बरेच कमी घातक. जुन्या स्पंजवरचा तपकिरी बुळबुळीत थर आपल्याला घाण वाटतो, पण त्यातच हे जिवाणू असतात. स्पंज फेकला की पाण्याचे रक्षकच गेले. नव्या स्पंजवर त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी दिसायला स्वच्छ असले तरी तोवर ते सुरक्षित नसते.

ऑफिसात जुना कारकून नव्याला चार्ज देतो, मगच जातो. इथेही तसेच करावे. जुना आणि नवा फिल्टर महिनाभर एकत्र चालवा. जुना बंद पडला असेल, तर त्याचा स्पंज ओला असतानाच नव्यात बसवा. स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारते, माशांचे कल्लेही जाळते. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळा. फिल्टर बदलाल त्या दिवशी पेटी आणि खडी घासू नका.

पहिले काही आठवडे खाणे निम्मे करा आणि नवे मासे आणू नका. दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदला. बदलायचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवा. चोवीस तासांत त्यातले क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात.

मासे वर येऊन तोंड उघड-मीट करू लागले, कल्ले लाल दिसले, तर खाणे थांबवा आणि लगेच पाव ते निम्मे पाणी बदला. हवेचा पंप चालूच ठेवा.

बादली भरून ठेवण्याचे काम घरातल्या मुलाकडे द्या आणि असे का करायचे, तेही त्याला समजावून सांगा. कारण कळले की मूल ते काम विसरत नाही.