दहा टक्क्यांचे सोयाबीन

अनसिंगच्या उपबाजारात दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची आवक सुरू झाली की भावाच्या आधी ओलावा विचारला जातो. मूठभर दाणे यंत्रात जातात, आकडा दिसतो आणि पुढचे सारे त्यावर ठरते. बारा टक्क्यांपर्यंत माल चालतो. चौदा निघाले की कटती. हिशेब करून पाहा. चौदा टक्के ओलाव्याच्या क्विंटलभर मालात कोरडा ऐवज ८६ किलो असतो. तोच माल बारा टक्क्यांपर्यंत वाळवला तर ९७.७३ किलो भरेल. म्हणजे रास्त घट सव्वादोन किलोंची. त्यावर जे कापले जाते ते कुणाच्या तरी खिशात जाते. आता उलट बाजू घ्या. एखाद्या घराने ताडपत्रीवर दोन उन्हे जास्त देऊन सोयाबीन दहा टक्क्यांवर आणले, तर याच हिशेबाने त्याला क्विंटलमागे सव्वादोन किलोंचे पैसे जास्त मिळायला हवेत. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते १२१ रुपये होतात. असे पैसे मोजणारा काटा आमच्या पाहण्यात नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे काटेही त्यात आले.

हे आधी मांडण्याचे कारण असे की, फेअर ट्रेडचे प्रमाणपत्र कसे मिळवायचे, अशी विचारणा कंपन्यांचे संचालक अलीकडे वरचेवर करतात. विचारणा रास्तच आहे. पण तिचा रोख बहुतेक वेळा बाहेरच्या खरेदीदाराकडे असतो, स्वतःच्या काट्याकडे क्वचितच.

वाशीम जिल्ह्याला हा विषय नवा नाही. आज या जिल्ह्यात असलेल्या कारंज्यात १८८६ मध्ये, हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने, देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. या खटाटोपामागे कास्तकाराचा कळवळा होता असे समजण्याचे कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता, म्हणून व्यवहाराला शिस्त लावली गेली. कास्तकाराचे जे भले झाले ते ओघाने. बाजार समित्यांच्या कारभारात विकणाऱ्याने आजही हात जोडून उभे राहायचे असते, त्याचे मूळ काही अंशी इथे असावे, असे आम्हाला वाटते.

फेअर ट्रेडच्या शिक्क्याचा जन्म १९८८ चा, नेदरलँड्समधला. मेक्सिकोतल्या लहान कॉफी उत्पादकांच्या मालावर ‘मॅक्स हॅवेलार’ हे लेबल लागले. या पद्धतीतल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. कॉफी-कापसासारख्या प्रमुख पिकांना किमान भाव ठरलेला असतो; बाजार त्याच्या वर गेला तर बाजारभावच द्यायचा. त्याशिवाय वेगळा अधिमूल्य निधी मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे सभासदांची सभा ठरवते. तिसरी गोष्ट आगाऊ रकमेची. उत्पादकांनी मागितल्यास कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत पैसे आधी मिळू शकतात. ज्याला दिवाळीच्या तोंडावर उधारी फेडण्यासाठी पडत्या भावात माल काढावा लागतो, त्याला या तिसऱ्या कलमाची किंमत सांगायला नको. पणन मंडळाच्या तारण योजनेत सोयाबीन-तुरीवर किमतीच्या ७५ टक्के कर्ज सहा टक्के व्याजाने मिळते; तिचा मार्ग हाच. मात्र त्यासाठी माल गोदामापर्यंत न्यावा लागतो. पाच-सहा पोत्यांचा धनी एकटा ते करत नाही, कंपनीने त्याच्यासाठी करायचे असते.

विदर्भात फेअर ट्रेडचा प्रयोग कापसावर झाला. चेतना ऑरगॅनिक या संस्थेने २००४ पासून इथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना सेंद्रिय आणि फेअर ट्रेड कापसाच्या वाटेवर नेले. अडचण बियाण्याची आली. फेअर ट्रेडला जनुकबदल वाण चालत नाही आणि २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाल्यानंतर काही वर्षांत बिगर-बीटी सरकी दुकानातून जवळपास नाहीशी झाली. सोयाबीनचे उलट आहे. आपल्याकडे जनुकबदल सोयाबीनच्या लागवडीला परवानगीच नाही. जगात जे वेगळे काढून विकले जाते ते आपण सरसकट पिकवतो आणि त्याचा एक पैसाही जास्त मागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव दहा हजारांच्या घरात असताना केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंडीच्या आयातीला वाट करून दिली. त्या हंगामाची आठवण अनेकांना अजून कडू असेल.

आता खरा नाजूक विषय. आपल्या कंपन्यांच्या सभासद रजिस्टरमध्ये सोंगणी करणारी बाई कुठे आहे? हमाल कुठे आहे? निंदण, सोंगणी, पोती शिवणे ही सारी कामे ज्यांची, त्यांच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून ती माणसे सभेबाहेर राहतात. कायदा एवढा कोता नाही. कंपनी कायद्यातल्या उत्पादकाच्या व्याख्येत प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणतेही काम करणारी व्यक्ती बसते. सातबाऱ्याचा आग्रह आपण धरला, योजनांच्या अर्जांनी तो घट्ट केला. मग एकरी गुत्त्याने सोंगणी देताना मजुरीचा दर ठरतो कसा, नवऱ्याला आणि बायकोला वेगळा का, थ्रेशरपाशी ओढणी किंवा पदर अडकू नये म्हणून काय केले, हे प्रश्न संचालक मंडळाच्या विषयपत्रिकेवर येतच नाहीत. प्रमाणपत्राचा तपासनीस मात्र हेच विचारतो.

प्रमाणपत्राची फी, दरवर्षीची तपासणी आणि कागदपत्रे सांभाळायचा माणूस, एवढा खर्च दोन-तीनशे सभासदांच्या कंपनीला एकट्याने झेपणारा नाही. शिवाय प्रमाणित झालेला सगळा माल त्या भावाने उचलला जाईल याची हमी कोणी देत नाही. म्हणून शेजारच्या तीन-चार कंपन्यांनी महासंघ करून पुढे जावे, हे आमचे मत. घाई असेल तर एक काम बिनखर्चाचे आहे. येत्या हंगामात संकलन केंद्रावर ओलाव्याचा तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. त्यात बाराच्या खालचे रकानेही भरा, आणि दहा टक्क्यांच्या मालाचे १२१ रुपये पावतीवर वेगळे दाखवून द्या. हे पैसे आणायचे कुठून, असे लेखापाल विचारील. जास्त ओलाव्याच्या मालावर आजवर जे वरचे कापले, त्याचा खतावणीतला आकडा त्यालाच काढायला सांगावा.