वाईटपणा कोणी घ्यायचा?

वारसाची नोंद असो की विहिरीच्या अनुदानाचा कागद, 'साहेबांचं चहापाणी' म्हणजे काय, हे आमच्याकडे कंधारपासून निलंग्यापर्यंत शेंबड्या पोरालाही कळतं. देणारा कुरकुरतो, घेणारा हसतो आणि पारावरचे म्हणतात, "जाऊ द्या, काम झालं ना!"

या 'जाऊ द्या'चंच मोजमाप काही अर्थशास्त्रज्ञांनी केलं. मेलबर्न, दिल्ली, जाकार्ता आणि सिंगापूर इथल्या विद्यार्थ्यांना त्यांनी खऱ्या पैशांच्या एका खेळाला बसवलं. २००९ साली तो अभ्यास छापून आला. खेळात तिघे : एक धंदेवाला, एक अधिकारी आणि एक साधा नागरिक. पहिल्या दोघांचं साटंलोटं जमलं की त्यांचा फायदा आणि नागरिकाला खोट. नागरिकाला त्या दोघांना दंड करता येई, पण त्यासाठी पदरमोड करावी लागे. दंडातला एक पैसाही त्याच्या हाती पडत नसे.

आता गंमत ऐका. लाच देण्याघेण्यात या शहरांमध्ये जेवढा फरक दिसला, त्याहून जास्त फरक दंड करण्यात दिसला. लाच खपवून घेण्यात दिल्लीची मुलं मेलबर्नच्या मुलांच्या पुढे होती. जाकार्ताची मुलं मात्र मेलबर्नसारखीच वागली. म्हणजे 'गरीब देशात असंच चालायचं' असं म्हणायचीही सोय राहिली नाही!

दिल्लीची कॉलेजातली मुलं म्हणजे आपण नव्हे, हे मान्य. आपलं गणित तर त्यांच्याहून अवघड आहे. खेळातला नागरिक डाव संपला की घरी गेला. आपल्याला पुढच्या पेरणीआधी त्याच कचेरीची पायरी पुन्हा चढायची असते. वर गावच त्याला 'लई शहाणा' म्हणतं. घरची लक्ष्मी म्हणते, "आपणच कशाला वाईटपणा घ्यायचा?" तिचं तरी काय चुकलं? कर्जाचा कागद अडला तर उसनवारीला तिलाच दारोदार जावं लागतं.

पण एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत असू द्या. २०१८ साली कायदा बदलला आणि लाच देणाराही गुन्हेगार ठरू लागला. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवावं लागतं. देण्याआधीच कळवलेलं अधिक बरं. या विभागाचा फोन १०६४. नांदेडला आणि लातूरला त्याच्या कचेऱ्या आहेत. एकट्यानं जायची छाती होत नसेल, तर भावकीतलं कुणी सोबत न्या.